आधी दळण, मग यंत्र

अमरावती
मे महिना, भर दुपार

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि सोबत पाठवलेले त्या एस्प्रेसो यंत्राचे फोटो मिळाले. यंत्र देखणं आहे, नाही म्हणत नाही. चकचकीत पोलाद, समोर दाबाचा काटा, लाकडी मूठ, आणि खोक्यावर भलं मोठं ‘१५ बार’. निवृत्तीचे पैसे हातात आले की असल्या वस्तू माणसाला फार सुंदर दिसायला लागतात, त्यात तुझा दोष नाही. तू विचारलंस, ‘घेऊ का?’ माझं उत्तर असं, की आज नको. ग्राइंडर कुठला घेतोयस ते आधी कळव. लेका, तीन पानी पत्रात तू यंत्राचा रंगसुद्धा लिहिलास, पण बिया कशात दळणार याबद्दल एक ओळ नाही. आणि कॉफी ठरते ती तिथेच.

आधी त्या १५ बारच्या दाबाची वासलात लावू, कारण दुकानदार त्याच आकड्यावर यंत्र खपवतात.

एस्प्रेसो म्हटलं की आपल्या पिढीला लग्नाचा मांडव आठवतो. जेवणं उरकली की कोपऱ्यातल्या त्या स्टीलच्या टाकीपुढे रांग लागायची. कपात इन्स्टंट पावडर आणि साखर, वरून दूध, मग दुधात वाफेची नळी घालून फर्र करून फेस, आणि फेसावर चिमूटभर कोको. बडनेरा रोडवरच्या लग्नांत तर पोरं कॉफीसाठी दोनदा रांगेत उभी राहायची, त्यात तूही होतास. त्या कपात एस्प्रेसोचा थेंबही नसायचा. पण नुसत्या वाफेवर चालणारं ते धूड या पेयाच्या पूर्वजांना अगदी जवळचं होतं. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोनं १८८४ मध्ये वाफेवर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेत्झेरानं त्यात सुधारणा करून एकेका गिऱ्हाइकासाठी एकेक कप काढायची सोय केली. ते पेटंट देझिदेरिओ पावोनीनं विकत घेतलं आणि १९०६ च्या मिलानच्या प्रदर्शनात ही कॉफी लोकांना पाजली. कप पटकन तयार व्हायचा एवढंच तिचं कौतुक. कारण बॉयलरातल्या वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन बार, आणि पाणी जवळजवळ उकळतं. कॉफी करपट, कडू लागायची. वर आज दिसतो तो तांबूस फेसाचा थर नाही.

तो थर आला दुसरं महायुद्ध संपल्यावर. मिलानमध्येच कॉफीबार चालवणाऱ्या अकिले गाज्जानं वाफ बाजूला ठेवली आणि स्प्रिंगचा दांडा आणला. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जायची, सोडला की तीच स्प्रिंग दट्ट्यानं गरम पाणी कॉफीतून रेटायची. दाब एकदम आठ-नऊ बारवर गेला. १९४८ च्या सुमारास ही यंत्रं बारमध्ये दिसायला लागली, तेव्हा कपावरचा फेस बघून गिऱ्हाइकं बिचकली म्हणतात. गाज्जा पक्का दुकानदार. हे कॉफीचं नैसर्गिक क्रीम आहे, यंत्र वाफेशिवाय चालतं, अशी त्यानं पाटीच लावली. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेन्तेनं दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. त्या यंत्राचं नाव ई-६१. त्यातला ‘ई’ त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीत दिसलेल्या खग्रास ग्रहणावरून घेतलेला. माणसाच्या दंडातली ताकद हिशेबातून गेली आणि नऊ बार हा आकडा रूढ झाला. आजतागायत तोच चालतो.

नऊ बार म्हणजे किती? कॉफीबारमध्ये वापरतात त्या ५८ मिलिमीटरच्या बास्केटात, म्हणजे तळाला भोकं असलेल्या वाटीत, दाबलेल्या कॉफीच्या चकतीवर सुमारे २४० किलोचा भार पडतो. तीन-चार धडधाकट माणसं एका चकतीवर उभी. आता तुझ्या खोक्यावरचे १५ बार. तो त्या छोट्या पंपाचा कमाल जोर आहे. कपासाठी तो कामाचा नाही, उलट बऱ्या यंत्रात एक झडप असते ती जास्तीचा दाब परत टाकीत सोडून देते आणि नऊच्या आसपास आणते. तेव्हा १५ लिहिलंय की २०, याच्याकडे बघूच नकोस. बघायचं असेल तर बास्केट बघ. स्वस्त यंत्रांत दुहेरी तळाचं बास्केट असतं. आत पुष्कळ भोकं, पण बाहेरच्या तळाला एकच सुईएवढं छिद्र. त्या छिद्रातून जबरदस्तीनं निघताना कुठलीही पावडर फेसाळते, शिळी असो, जाड असो. फोटो छान येतो, चव येत नाही. साध्या एकेरी तळाचं बास्केट मिळत असेल तर यंत्र विचारात घे, नाहीतर फोटो बघून समाधान मान.

आणि साधं बास्केट आलं की ग्राइंडर आलाच. नऊ बारचा दाब यंत्र एकटं तयार करत नाही. पाण्याला कुणीतरी अडवावं लागतं, तेव्हा दाब तयार होतो. अडवणारं काय, तर ती कॉफीची चकती. दळण जाड असेल तर पाणी दहा सेकंदांत सळसळत निघून जातं; कप पाणचट आणि आंबट. फार बारीक असेल तर थेंब-थेंब गळतं, किंवा गळतच नाही. जे येतं ते कडू. म्हणजे एस्प्रेसोच्या यंत्राचा खरा नळ, खरी तोटी, ही दळणात आहे. यंत्राच्या पाठीमागे ती शोधणारे लोक पैसे घालवत बसतात.

तुला राजकमल चौकाकडून घरी जाताना लागायची ती चक्की आठवते? डबा ठेवला की मालक विचारायचा, भाकरीचं की आणखी कशाचं? ज्वारी तीच, गहू तोच, पण भाकरीला एक दळण, लापशीला दुसरं, आणि घरच्या बायका हाताच्या चिमटीत पीठ चोळून एका क्षणात सांगायच्या, जाड आलं. एस्प्रेसोला ती चिमूट लागते, फक्त फरक आणखी सूक्ष्म असतो. ग्राइंडरचं चाक केसभर फिरवलं तर कपाची वेळ चार-पाच सेकंदांनी सरकते. म्हणूनच तयार दळलेली पावडर आणून चालत नाही. ती कुणा दुसऱ्याच्या यंत्रासाठी दळलेली असते, आणि दळल्यापासून तासाभरात तिचा वास बराच उडालेला असतो.

स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा विचारही करू नकोस. तू तो करणार हे मला माहीत आहे. मिक्सरचं पातं बी दळत नाही, फोडतं. काही कण पिठाएवढे, काही रव्याएवढे, काही अर्धे दाणे. पाणी पिठातून कडवटपणा ओढून काढतं आणि रव्याला नुसतं ओलं करून पुढे जातं, म्हणून एकाच घोटात कडूही लागतं आणि आंबटही. आपल्याला पाहिजे ‘बर’वाला ग्राइंडर. दोन दातेरी चकत्या किंवा शंकू, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करता येतं, आणि दाणा त्या फटीतून गेल्याशिवाय सुटत नाही. विकत घेताना एवढंच विचार, एस्प्रेसोच्या पट्ट्यात हे चाक किती बारीक पावलांनी सरकतं? बरेच घरगुती ग्राइंडर फ्रेंच प्रेससाठी उत्तम असतात, पण एस्प्रेसोच्या टोकाला त्यांच्या दोन आकड्यांमध्ये एवढी मोठी उडी असते की एकावर कॉफी धो-धो येते आणि पुढच्यावर बंद पडते. असला ग्राइंडर फुकट मिळाला तरी नको.

हातानं फिरवायचे ग्राइंडर हल्ली फार चांगले निघालेत. पोलादी बर, कडीवर बारीक खुणा, आणि किंमत विजेच्या तोडीच्या ग्राइंडरपेक्षा पुष्कळ कमी. माझा तसलाच आहे. गडद भाजलेल्या बिया मिनिटभरात होतात. हलक्या भाजलेल्या मात्र चिवट, खांदा बोलायला लागतो. तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, खांदे शाबूत आहेत, तेव्हा तक्रार करू नकोस. पण घरात रोज चार-पाच कप लागणार असतील, पाहुणे येणार असतील, तर विजेचाच घे. वहिनींना सकाळी सकाळी चक्की फिरवायला लावशील तर मला फोन त्यांचा येईल.

पैशाचा हिशेब विचारशील तर एकूण जेवढे काढून ठेवलेत त्यातले निम्मे ग्राइंडरला. हे ऐकून सगळे दचकतात. पण चांगला ग्राइंडर आणि साधं यंत्र ही जोडी पिण्यालायक कॉफी देते. महागडं यंत्र आणि वाईट ग्राइंडर ही जोडी देत नाही. उलट सल्ला देणारा दुकानदार सोडून मला कुणी भेटलेला नाही.

आता दळणाची एक आपल्या भागातली अडचण सांगतो, तुझ्याकडे ती हिवाळ्यात येईल. सध्या इथे पंचेचाळीस अंश आणि हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत दळताना स्थिर वीज तयार होते; पावडर कपाला, हाताला, ओट्याला चिकटते, गोळे होतात. जूनमध्ये पाऊस पडला की हे आपोआप थांबतं. तुमच्या टोरांटोत हीटर लागले की घरातली हवा अशीच कोरडी होणार. उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक बारीक फवारा, किंवा ओल्या चमच्याच्या दांड्यानं बिया ढवळायच्या. हौशी लोक हे कित्येक वर्षं करत होते, पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर हेंडन या रसायनशास्त्रज्ञानं ते प्रयोगशाळेत तपासलं. सोबतीला कोण होते माहिती आहे? ज्वालामुखीचे अभ्यासक! राखेच्या ढगात विजा का चमकतात हे बघणारी माणसं. दगड फुटताना आणि घासताना कणांवर विद्युतभार येतो तसाच कॉफीच्या दाण्यांवर येतो, आणि थोड्या पाण्यानं तो बराच उतरतो, असं त्यांना दिसलं. गोळे कमी झाले की पाणी चकतीतून सगळीकडून सारखं जातं आणि त्याच कॉफीतून जास्त अर्क निघतो.

याच हेंडनचा सहभाग असलेला २०२० चा एक अभ्यास आहे. त्यात गणित मांडून आणि कप काढून असं दाखवलं, की बारीक दळत गेलं तर अर्क वाढत जाईल ही समजूत एका टोकापर्यंतच खरी. त्यापुढे चकतीचे काही भाग तुंबतात, पाणी उरलेल्या वाटांनी पळतं आणि कपागणिक चव बदलते. थोडं जाड दळून, कॉफी पाव हिश्श्यापर्यंत कमी घेऊनही कप चांगला आणि रोज सारखा आला. ‘आणखी बारीक कर’ हा सल्ला तुला सगळीकडे मिळेल, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बरं, आता कृती. एक वजनकाटा घे, ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा. इथे सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. १८ ग्रॅम बिया मोजून दळायच्या. पावडर बास्केटात घेतली की बारीक सुयांनी तळापर्यंत ढवळून गोळे मोडायचे. बाटलीच्या बुचात अ‍ॅक्युपंक्चरच्या चार-पाच सुया खोचल्या की हत्यार तयार. त्यासाठी विकत मिळणारी नक्षीदार साधनं घेऊ नकोस. मग टॅम्परनं, म्हणजे चपट्या दट्ट्यानं, दाब. किती जोरात, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. जोराला फार महत्त्व नाही, पृष्ठभाग सपाट हवा. तिरका दाबला तर पाणी पातळ बाजू शोधतंच. पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट धरणारा मुठीचा दांडा, यंत्राला लाव, कप काट्यावर ठेव, यंत्र आणि घड्याळ एकदम सुरू कर. कपात ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत आली पाहिजे. ग्रॅम म्हणतोय, मिलिलिटर नाही, कारण फेसामुळे डोळा फसतो.

हे दुपटीचं प्रमाण हल्लीचं. इटलीतल्या जुन्या रिवाजात ७ ग्रॅम कॉफी, २५ सेकंद आणि कपात २५ मिलिलिटर. तिथे कपात उतरणाऱ्या बारीक धारेला उंदराची शेपटी म्हणतात. धार तशी बारीक, गडद आणि किंचित लवलवती दिसली की बारवाला घड्याळाकडे बघत नाही.

मग चाखायचं. दूध नाही, साखर नाही, निदान पहिला घोट. पाणी कॉफीतून आधी आंबट, खारट द्रव्यं काढतं, मग गोडवा, आणि शेवटी कडू, तुरट. त्यामुळे जीभ आंबली, जबडा आकसला, तर अर्क कमी निघालाय. दळण किंचित बारीक कर. घसा कोरडा पडला, जिभेवर राखेची चव राहिली, तर अर्क जास्त झालाय. दळण किंचित जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजन तेच, प्रमाण तेच, फक्त चाक. तुझा स्वभाव मला माहीत आहे. कॉलेजात प्रॅक्टिकलला तू तीन गोष्टी एकदम बदलून मग कशामुळे काय झालं यावर सरांशी वाद घालायचास. इथे तसं केलंस तर दिवाळीपर्यंत आंबट कॉफी पीत बसशील.

तळाशी काहीच नसलेला, म्हणजे बास्केटचा तळ उघडा दिसतो तसला पोर्टाफिल्टर मिळाला तर जरूर घे. चकतीत कुठे भेग पडली असेल तर तिथून पिचकारी उडते आणि चष्म्यावर येते. शिक्षक म्हणून त्याच्याइतका चोख कुणी नाही.

बियांबद्दल. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ बघू नकोस, भाजल्याची तारीख बघ. ती तारीख लिहिलेली नसेल तर पाकीट खाली ठेव. भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. नऊ बारच्या दाबात तो पाण्यात विरघळतो आणि कपात उतरताना फसफसून बाहेर येतो, त्याचाच तो फेस. बिया जुन्या झाल्या की वायू गेलेला असतो, फेस विरळ. पण अगदी ताज्याही नको. भाजल्यावर निदान आठवडाभर थांब, नाहीतर वायूच इतका असतो की पाणी नीट शिरत नाही. तिथून पुढे महिनाभर मजा. जास्त आणल्यास तर हवाबंद पुड्या करून डीपफ्रीजमध्ये टाक, आणि लागेल तेवढीच पुडी काढ.

तुझ्या तिकडच्या दुकानात भारतीय कॉफी दिसली तर नाक मुरडू नकोस. आपल्या कॉफीचा सगळ्यात मोठा परदेशी ग्राहक गेली कित्येक वर्षं इटलीच आहे. आपल्याकडे पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, आणि फेस दाट, टिकाऊ. इटालियन मिश्रणांना नेमकं तेच लागतं. मोसमी वाऱ्यात मुरवलेली ‘मॉन्सून्ड मलबार’ही तिकडे जाते. शिडाच्या जहाजांतून महिनोन्महिने प्रवास करताना दमट हवेनं बिया फुगायच्या, फिकट पिवळ्या पडायच्या आणि त्यांचा आंबटपणा जायचा. युरोपातल्या लोकांना त्या चवीची सवय लागली. जहाजं वेगवान झाली, बिया हिरव्याच पोचायला लागल्या, आणि गिऱ्हाईक म्हणालं, पूर्वीचीच द्या. म्हणून आता मंगळूरकडच्या वखारींत पावसाळाभर बिया पसरून मुद्दाम ती दमट हवा देतात. आंबट कॉफी ज्यांना नको त्यांनी एस्प्रेसोची सुरुवात हिच्यापासून करावी असं माझं मत आहे. तूही त्यातलाच.

कॉफी म्हणजे कर्नाटक, बाबा बुदननं आणलेल्या सात बिया, ही गोष्ट सगळे सांगतात. आपल्या चिखलदऱ्याचं नाव कुणी घेत नाही. सहलीला जायचो तेव्हा पंचबोल पॉइंटच्या बाजूला कॉफीचे मळे आहेत म्हणून मास्तर दाखवायचे आणि आपण माकडांकडे बघायचो. सुमारे ११०० मीटर उंची, मेळघाटची सावली. इंग्रजांच्या काळात लावलेली कॉफी तिथे अजून आहे. महाराष्ट्रात कॉफीचं गाव म्हणून ते एकच. पीक थोडं, आणि भाजणी सांभाळणारं कुणी मोठं नाही, त्यामुळे पाकीट आणलं तर ते एस्प्रेसोसाठी कसं निघेल याची खात्री देता येत नाही. तरी मी आणतो. गावची म्हणून चार गुण जास्त देतो, त्यात लाजायचं काय?

एक ताकीद. तुझ्या घरी मद्रासी दुकानातून फिल्टर कॉफीची पावडर येते. ती एस्प्रेसोच्या बास्केटात घालू नकोस. तिच्यात चिकोरी असते, आणि चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. ते पाण्यात वेगळ्याच वेगानं सुटतं आणि बास्केटची भोकं चिकट करतं. ती पावडर पितळी फिल्टरमध्ये घाल, वर दूध ओत, आणि सुखानं पी. फिल्टर कॉफीला मी एस्प्रेसोपेक्षा कमी मानत नाही.

पाण्याचं थोडक्यात. इथे आमच्याकडे आरओचं पाणी इतकं धुतलेलं येतं की त्यात कॉफी सपक लागते, आणि बोअरचं पाणी इतकं जड की बॉयलरात खडूचा थर. मी दोन्ही मिसळतो. तुझं पाणी लेक ओंटारिओचं, मध्यम जड. साधा कोळशाचा फिल्टर लावून क्लोरीन काढलंस की झालं. अधूनमधून यंत्रातला क्षार काढायचा, ते माहितीपत्रकात असतं. यंत्र मात्र सकाळी वेळेवर लाव. दिवा हिरवा झाला म्हणजे पाणी तापलं. लोखंड-पितळ तापायला आणखी वेळ लागतो. जड यंत्राला अर्धा तास दे, पोर्टाफिल्टर त्यालाच अडकवून ठेव. पाणी ९० ते ९६ अंशांत हवं. थंड पोर्टाफिल्टर त्यातले चार-पाच अंश सहज खातो.

दुधाच्या कॉफीवर मी फार लिहीत नाही, कारण तू कॅपुचिनो पिणार आणि मी पिणार नाही. तुमच्याकडचं ३.२५ टक्क्यांचं दूध फेसाला उत्तम आहे. भांड्याला हात लावून धरवेनासं झालं की थांब, म्हणजे साठ अंशांच्या आसपास. त्यापुढे दुधाचा गोडवा जातो. नळी ताबडतोब पूस आणि एकदा वाफ सोड. वाळलेलं दूध आत शिरलं तर वास महिनाभर जात नाही.

वहिनी म्हणतील, एवढा पसारा कशाला? त्यांचं चुकत नाही. इटलीतल्या घराघरात एस्प्रेसोचं यंत्र असतं असं तुला वाटत असेल तर तसं नाही. घरात असतो तो गॅसवर ठेवायचा मोका पॉट, अल्फोन्सो बियालेत्तीचा, १९३३ पासूनचा अष्टकोनी अ‍ॅल्युमिनियमचा. त्याचा मुलगा रेनातो यानं तो जगभर खपवला आणि २०१६ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या अस्थी मोठ्या मोका पॉटमध्येच ठेवल्या होत्या. एस्प्रेसोसाठी इटालियन माणूस खाली बारमध्ये जातो, उभ्यानं पितो आणि कामाला लागतो. घरी काटे आणि सुया घेऊन बसणं हा आपल्यासारख्या, खाली बार नसलेल्या लोकांचा उद्योग. घरगुती यंत्रं तिकडेही निघाली म्हणा. पावोनीचं दांड्याचं ‘युरोपिक्कोला’ १९६१ चं. १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ या बाँडपटात रॉजर मूर सकाळी झोपेतून उठून साहेबासाठी कॉफी करतो, ती त्याच्यावरच. साहेबाच्या तोंडावरचा भाव तुझ्या घरीही दिसेल, तयारी ठेव.

म्हणून माझा सल्ला असा. यंत्राचा विषय बाजूला ठेव. आधी चांगला ग्राइंडर घे आणि एक छोटा मोका पॉट. मोकात दाब दीड बारच्या आसपास, तेव्हा निघेल ती एस्प्रेसो नव्हे, पण दणदणीत कॉफी निघेल, आणि ताज्या दळणानं काय होतं ते वहिनींना पहिल्याच कपात कळेल. हिवाळा तसा काढ. तेवढ्यात बियांची दोन-तीन दुकानं सापडतील, तुला गडद आवडते की मध्यम तेही ठरेल. मग यंत्र घे, आणि तेव्हाही फोटोतलं ते नको. पंपाचं हवं असेल तर ५८ मिलिमीटरचं, साध्या बास्केटचं, ज्याचे सुटे भाग कुठेही मिळतात असं. पंप नकोच असेल तर हातानं दाबायचं दांड्याचं यंत्र बघ. त्यात बिघडायला जवळजवळ काही नसतं, किटलीतलं पाणी ओतायचं आणि दांडा ओढायचा. दिवसाला दोन कपांपुरता मी तर तेच घेईन.

ग्राइंडरची तीन-चार नावं आणि तिकडचे भाव लिहून पाठव, मी एकावर बोट ठेवतो. वहिनींना नमस्कार सांग.

आणि डिसेंबरात येताना माझ्यासाठी यंत्र आणतो असं जे लिहिलंयस, ते डोक्यातून काढ. तुमच्याकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. ते इथे लावल्याबरोबर जळेल. आणायच्याच असतील तर बिया आण, अर्धा किलो, निघायच्या आधीच्या आठवड्यात भाजलेल्या. तारीख बघून घे.

तुझा,
अविनाश